जुन्या फ्लॅटचं काम काढताना बजेट कसं मांडावं: इंदिरानगरच्या आमच्या घराचा हिशेब

नाशिकमध्ये सातपूरच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात काम करते. आमच्याकडे बेअरिंग घ्यायचं असो की हातमोजे, क्रम ठरलेला असतो: आधी नग आणि माप, मग दर्जा, मग दर, आणि सगळ्यात शेवटी पैसे. घराचं काम काढताना मात्र लोक नेमके उलट्या टोकाने सुरू करतात. ‘स्क्वेअर फुटाला किती पडेल?’ हा पहिला प्रश्न, आणि समोरचा माणूस घर न बघता आकडा सांगून मोकळा होतो. त्या आकड्यात पाइप आहेत का, राडारोडा उचलणं आहे का, जीएसटी धरलाय का, हे काम अर्ध्यावर आल्यावर कळतं. तेव्हा घर उकललेलं असतं आणि नाही म्हणायची सोय राहिलेली नसते.

आमची इमारत १९९६ ची. तिसरा मजला, लिफ्ट नाही, कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ६२० चौरस फूट, दोन बेडरूम, दोन बाथरूम. हातात ८ लाख रुपये होते. त्या पैशात काय बसवलं आणि कसं बसवलं, ते इथे सविस्तर लिहिते. दर आमच्या घरासाठी मिळालेले आहेत, तुमच्याकडे थोडे इकडे-तिकडे होतील. पद्धत मात्र तशीच्या तशी उचलता येईल.

घराच्या आधी इमारत

फरशी बघायला जाण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा करायचं असतं. नाशिकमध्ये इंदिरानगर, सिडको, कॉलेज रोड या भागांतल्या कितीतरी इमारती आता याच वयाच्या आहेत. ऑडिटमध्ये गच्चीचं वॉटरप्रूफिंग किंवा बाहेरचं प्लास्टर निघालं, तर सोसायटी प्रत्येक फ्लॅटकडून वर्गणी काढणार. घरात सगळे पैसे ओतून झाल्यावर ही वर्गणी अंगावर आली की फार ओढाताण होते. शिवाय बाहेरच्या भिंतीतून ओल येत असेल, तर आतून कितीही महागडा रंग लावा, एका पावसाळ्यात तो फुगतो. म्हणून आधी बाहेरचं, मग आतलं.

भिंत काढून हॉल मोठा करायचा विचार असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा आणि त्याची फी बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहा. कॉलम, बीम यांना हात लावायचा नाही, हे मिस्त्रीला तोंडी सांगून भागत नाही. वायरिंगची खाच पाडतानासुद्धा काही जण बीम कोरतात. सोसायटीचं पत्र, डिपॉझिट, दुपारी ठोकाठोक बंद ठेवण्याची वेळ, हेही याच भेटीत लेखी घेऊन टाका.

टेप, वही आणि एक रविवार

घरातल्या दोघांनी मिळून प्रत्येक खोली मोजायची. लांबी, रुंदी, उंची, दारं, खिडक्या, आणि विजेचे पॉइंट. नवे पॉइंट कुठे हवेत ते खडूने भिंतीवरच लिहा. आमच्याकडे सासूबाईंनी पलंगाशेजारी एक पॉइंट आणि रात्रीच्या दिव्याचं बटण हाताला येईल असं मागितलं. हे भिंत बंद झाल्यावर सुचलं असतं तर परत फोडाफोड होती.

मोजमापाने काय फरक पडतो, ते फरशीवरून दाखवते. आमच्या खोल्यांची जमीन ५२० चौरस फूट. भिंतीच्या कडेने स्कर्टिंग १८० फूट लांब, चार इंच उंच, म्हणजे ६० चौरस फूट. झाले ५८०. तुटफूट आणि कापाकापीसाठी ८ टक्के धरले, म्हणजे साधारण ६२६ चौरस फूट. फरशी तिरकी लावायची असेल किंवा खोल्या लहान आणि फरशी मोठी असेल, तर ही घट १२ ते १५ टक्क्यांवर जाते.

आता दुकानात जा. ‘दोन बाय दोन’ची फरशी म्हणजे चार नगांचा बॉक्स, सोळा फूट, असं सांगतात. टेप लावून बघा. ती फरशी ६०० मिलीमीटरची असते, दोन फुटांपेक्षा अंमळ कमी. चार नगांचे १.४४ चौरस मीटर होतात, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. ‘साठ रुपये फूट’ म्हणून ९६० रुपयांना मिळणारा बॉक्स खरं तर ६२ रुपये फुटाने पडतो. आणि आम्हाला सोळाच्या हिशेबाने ४० बॉक्स पुरले असते असं वाटलं असतं, लागणार होते ४१. एक बॉक्स कमी पडला तर पैशांपेक्षा मोठी अडचण अशी की, पुढच्या बॅचची छटा जुळेलच असं नाही. म्हणून बिलावर बॅच नंबर आणि शेड लिहून घ्यायची आणि माल उतरवताना प्रत्येक बॉक्सवर ती ताडून बघायची.

४१ बॉक्सचे ३९,३६० रुपये. लावायची मजुरी जमिनीला ३० रुपये फूट, स्कर्टिंगला २० रुपये धावता फूट (म्हणजे फक्त लांबी मोजून), मिळून १९,२००. सिमेंट, क्रश सँड (दगड दळून केलेली रेती), ग्राउट (फरशीचे सांधे भरायचा मसाला), टेंपोभाडं आणि तीन मजले चढवायची हमाली मिळून २१,४४०. एकूण ८०,०००. शोरूममध्ये ऐकलेला ‘साठ रुपये फूट’ हा आकडा प्रत्यक्षात जमिनीच्या फुटामागे दीडशेच्या वर गेला तो असा. ही हमाली लक्षात ठेवा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत फरशी, रेती, सिमेंट, ओट्याचा ग्रॅनाइट, सगळ्याला मजल्यागणिक पैसे लागतात, आणि तोच राडारोडा खाली न्यायचेही लागतात.

जुन्या फरशीवरच ॲडहेसिव्हने नवी फरशी लावली की तोडफोड वाचते. चांगला पर्याय आहे, पण जुनी फरशी पोकळ वाजत नसेल तरच. लाकडी ठोकळ्याने ठोकत सगळं घर फिरा. शिवाय सगळी दारं खालून कापावी लागतात, आणि गॅलरीच्या उंबऱ्याची उंची कमी होऊन पावसाचं पाणी आत यायची भीती असते. आम्ही जुनी काढली.

८ लाखांची वाटणी

पहिल्यांदा १५ टक्के, म्हणजे १,२०,००० रुपये, अचानक निघणाऱ्या खर्चासाठी राखीव म्हणून वेगळ्या खात्यात टाकले. राहिले ६,८०,०००. त्यांची मांडणी अशी झाली:

तोडफोड आणि राडारोडा: ३८,०००
दोन्ही बाथरूम, सगळं प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग: २,१०,०००
वायरिंग: ८५,०००
फरशी: ८०,०००
ओटा आणि ट्रॉल्या: १,२०,०००
खिडक्या, जाळ्या: ५५,०००
सुतारकाम, बाथरूमची दारं: ४८,०००
रंग: ४४,०००

बाथरूमवर एवढे पैसे कशाला, असं नातेवाईकांनी विचारलं. पण तिसाव्या वर्षाला आलेल्या फ्लॅटमध्ये सगळ्यात आधी तिथेच खर्च करायला हवा, यावर मी ठाम होते. त्या काळात भिंतीत लोखंडी जीआय पाइप घालत. आमच्या बाथरूमची भिंत उघडली तेव्हा प्लंबरने कापलेला तुकडा माझ्या हातात दिला. अर्ध्या इंची पाइप, आणि आत गंज बसून बसून जेमतेम पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं. नळाला धार का येत नाही म्हणून आम्ही वरची टाकी किती वेळा साफ करून घेतली असेल! ‘ताई, याच्यावर नवी टाइल लावली असती तर दोन वर्षांत परत फोडली असती,’ प्लंबर म्हणाले. तोपर्यंत फक्त बाथरूममधले पाइप बदलायचं ठरलं होतं. मग टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळे सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिकचे टाकले. एका बाथरूमच्या सळ्याही उघड्या पडल्या होत्या. गंज घासून, केमिकल लावून ती दुरुस्ती केली. या दोन्हींचे मिळून ४२,००० राखीव खात्यातून गेले. ते बाजूला नसते, तर ओटा तरी राहिला असता किंवा खिडक्या तरी.

वॉटरप्रूफिंगच्या बाबतीत एकच अट लेखी घ्या: फरशी बसवण्याआधी पाणी भरून चाचणी. नहाणीचं, म्हणजे पाणी जायच्या जाळीचं तोंड पक्कं बंद करायचं, दोन इंच पाणी भरायचं, पातळीला भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची आणि दोन दिवस थांबायचं. रोज खालच्या काकूंकडे जाऊन त्यांचं छत हाताने चाचपून बघत होते. रेघेखाली केसभर पाणी उतरलं ते उन्हाने, छत कोरडं होतं. मगच पुढचं काम. नव्या पाइपांचीही प्रेशरची चाचणी प्लास्टरच्या आधीच करून घ्या. या चाचण्यांना पैसे जवळपास लागत नाहीत. दोन दिवस मिस्त्री थांबतो एवढंच, आणि तेवढी मजुरी आधीच धरून ठेवायची.

वायरिंगमध्ये दर पॉइंटवर असतो, तेव्हा पॉइंट म्हणजे काय ते ठरवा. काही जण एका बोर्डावरचा प्रत्येक स्विच वेगळा मोजतात. वायर तुम्हीच आणा: दिव्या-पंख्याला दीड स्क्वेअर मिलीमीटर, फ्रिज-मिक्सरच्या पॉवर पॉइंटला अडीच, गीझर आणि एसीला चार. ९० मीटरचं बंडल येतं, सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवाच, घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर यावर चर्चासुद्धा नको. एसी आज घेणार नसलात तरी त्याची नळी आणि वायर आताच भिंतीत टाकून ठेवा. आम्ही तेच केलं, एसी पुढच्या उन्हाळ्यात येईल.

ओट्याच्या कोटेशनमध्ये ग्रॅनाइटचा फुटाचा दर मोठ्या अक्षरात असतो. कडेचं मोल्डिंग धावत्या फुटाने वेगळं, सिंकचं कटिंग वेगळं, शेगडीचं वेगळं. सगळं मिळून किती, असं विचारायचं. सिंकखालच्या कपाटाला प्लाय बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन दर्जाचाच हवा, शीटवर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या. हॉलमधल्या कपाटाला साधा एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) चालतो, तिथे मरीनचे पैसे घालायची गरज नाही.

रंगासाठी कार्पेटच्या साधारण तीन ते साडेतीन पट भिंत-छताचं माप येतं. आमचं २,००० फूट आलं, दर २२ रुपये, दोन हात पुट्टी, एक प्रायमर, दोन हात रंग. दार-खिडक्यांची वजावट करायची की नाही, ते आधी ठरवून लिहा. शेवटच्या दिवशी याच एका गोष्टीवरून वाद होतात.

पैसे कमी पडले तर काय कापायचं? फॉल्स सीलिंग, टीव्हीमागचं पॅनेल, ट्रॉल्यांची झाकणं, महागडे नळ. हे सगळं दोन वर्षांनी भिंत न फोडता करता येतं. पाइप, वायर, वॉटरप्रूफिंग, खिडकीच्या फटी यांतला एक रुपयाही कमी करू नका. कोटेशन खाली आणायला ठेकेदार पहिला हात यांनाच लावतो, कारण ते दिसत नाही. मला हे पोटतिडकीने सांगावंसं वाटतं, कारण शेजारच्या बिल्डिंगमध्ये सुंदर पीओपीखाली ओलीचे डाग उमटलेले मी बघितले आहेत आणि त्या घरातल्या माणसांचे उतरलेले चेहरेही.

काम कोणाला द्यायचं

इंटीरियरवाल्या कंपनीला किल्ली द्यायची, ठेकेदाराला मटेरियलसहित द्यायचं, की फक्त मजुरीवर माणसं लावून माल आपण आणायचा, हे तुमच्याकडे वेळ किती आहे त्यावर ठरवा. रोज एकदा तरी साइटवर जाता येणार नसेल, तर मजुरीवर काम काढू नका. माझी पहिली शिफ्ट असते, तीननंतर मी मोकळी, म्हणून आम्ही फरशी, प्लंबिंग, वायरिंग मजुरीवर आणि खिडक्या व ओटा मटेरियलसहित दिला.

तीन कोटेशन घ्या, पण तिघांना तुमच्या वहीतली एकच यादी द्या. एक जण दोन हात पुट्टी धरतो, दुसरा एक, आणि दुसरा स्वस्त वाटतो. खाली बारीक अक्षरांत ‘जीएसटी वेगळा’ लिहिलंय का बघा. ५ लाखांच्या कामावर १८ टक्के म्हणजे ९०,००० रुपये. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा त्याआधीचं कोटेशन हातात असेल तर नवं मागा. पंप, गीझर, नळ, वॉटरप्रूफिंगचं केमिकल यांचं बिल पक्कंच हवं, वॉरंटी त्यावरच मिळते.

नाशिकचं वेळापत्रक

इथे काम कधी काढता यावरही खर्च ठरतो. बांधकामावरचे बरेच बिगारी पेठ, सुरगाणा, हरसूलकडचे. ऑक्टोबरच्या छाटणीला आणि पुढे द्राक्षाच्या काढणीला यातले कितीतरी जण दिंडोरी, निफाडच्या बागांवर जातात. होळीला तर गावी जाणारच, त्यांचा तो मोठा सण. त्या आठवड्यात काम बंद राहणार हे धरून भाड्याच्या घराचे दिवस मोजा. आम्ही त्याच गल्लीत ९,००० रुपये महिन्याने दोन खोल्या घेतल्या होत्या, तो खर्च ८ लाखांच्या बाहेर वेगळा लिहिला होता. काम लांबलं की पहिला फटका भाड्यालाच बसतो.

गच्ची आणि बाहेरच्या भिंतीचं काम जूनच्या आत संपायला हवं. घरातली तोडफोड, वायरिंग पावसाळ्यात चालतात. रंग आणि सुतारकाम मात्र हवा कोरडी झाल्यावरच, नाहीतर पुट्टी वाळत नाही आणि दारं फुगतात. सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ चं आणि मोठी स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ ची. घाट-रस्त्यांच्या मोठ्या कामांवर माणसं ओढली जातात, असं आमचे मिस्त्री सांगत होते. पंचवटी, तपोवनाकडे राहणाऱ्यांनी तर पर्वणीच्या दिवसांत माल घेऊन टेंपो घरापर्यंत येणार नाही असं धरूनच चालावं.

पैसे देताना

उचल १० टक्क्यांच्या वर देऊ नका. पुढचे हप्ते तारखेवर नकोत, कामावर हवेत: तोडफोड संपल्यावर इतके, पाइप-वायर टाकून चाचणी झाल्यावर इतके, फरशी झाल्यावर इतके. शनिवारी मजुरांना आठवड्याचा बाजार करायचा असतो, त्या दिवशी मिस्त्रीला पैसे लागतातच. त्याला ताटकळत ठेवू नका, ठरलेलं काम झालं असेल तर दुपारीच द्या. आमचं काम वेळेत झालं त्यात याचा मोठा वाटा आहे. शेवटचे १० टक्के मात्र राहायला गेल्यावर महिनाभराने. गीझर रोज चालला, सिंक तुंबलं नाही, बाथरूमचं पाणी नहाणीकडेच वळलं, की द्यायचे. हे पहिल्याच दिवशी सांगितलं तर कोणी वाईट वाटून घेत नाही.

कर्ज काढणार असाल, तर वैयक्तिक कर्जाआधी बँकेत घरदुरुस्तीच्या कर्जाची किंवा चालू गृहकर्जावर टॉप-अपची चौकशी करा, व्याज बहुधा कमी पडतं. जुन्या करप्रणालीत असाल आणि घरात स्वतः राहत असाल, तर दुरुस्तीच्या कर्जावरच्या व्याजाची वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती नाही.

भिंती बंद करण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप लावून, म्हणजे पाइप जमिनीपासून किती उंचीवर आहे ते फोटोतच वाचता येईल. राखीव पैशांपैकी आमचे ७८,००० उरले. त्यातून सासूबाईंच्या बाथरूममध्ये धरायचे दांडे आणि घसरणार नाही अशी फरशी केली, बाकीचे सोसायटीच्या गच्चीच्या वर्गणीसाठी ठेवलेत. आणि हो, उरलेल्या फरशीचे एक-दोन बॉक्स परत करू नका. बॅच नंबर दिसेल असे माळ्यावर उभे ठेवा. पाच वर्षांनी एखादी फरशी तडकली तर तीच बदलायला मिळेल.